खोकल्याची खिडकी

विमानातून उतरल्यावर, बॅगांच्या पट्ट्याच्या डाव्या बाजूला खोकल्याची खिडकी असते. प्रवासात आपला खोकला शेजाऱ्याला लागला, की तो आपल्याकडे राहत नाही. परत हवा असेल तर तिथे अर्ज करायचा. सहसा कुणी करत नाही. मी गेले तेव्हा खिडकीतल्या मुळेबाई स्वेटर विणत होत्या.

"कुणाला लागला?"

"चौदा-बमधल्या काकांना."

"कोरडा की कफाचा?"

"कोरडा. आधी दोन बारीक, मग एक मोठा. मोठ्याच्या शेवटी जरा 'हं' येतं."

"अगं, हा तर पन्नाशीच्या माणसाचा!"

"बाबांचा आहे," मी म्हणाले.

बाबा नोकरीसाठी गुवाहाटीला असतात, मी इथे वसतिगृहात. खोकला लागायला दोन तास शेजारी बसावं लागतं. सुट्टीचे बाराही दिवस बाबा ऑफिसातच होते. निघायच्या दिवशी विमानाला उशीर झाला, तेव्हा ते विमानतळाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी पूर्ण दोन तास बसले. आता ते दिवाळीलाच भेटणार.

मुळेबाईंनी माइकवरून पुकारल्यावर चौदा-बचे शिरवळकरकाका बॅग ओढत आले.

"घेऊन जा बाई तुझा खोकला! परवा पुतणीचा साखरपुडा आहे माझ्या."

"मग बसा तिच्या शेजारी दोन तास," मुळेबाई म्हणाल्या.

"दोन तास? अहो, मेहुणा बाहेर गाडी घेऊन उभा आहे. दहा मिनिटांत नाही का व्हायचं?"

"दहा मिनिटांत कुणाचं काही लागत नाही."

तरी काका दहा मिनिटं बसले. काही झालं नाही. उठताना त्यांना खोकला आला. दोन बारीक, एक मोठा. माझ्याकडे बघून त्यांनी शेवटचं 'हं' नीट पूर्ण केलं आणि ते गेले.

मुळेबाईंनी माझ्या अर्जावर शिक्का मारला. मग नाक पुसत म्हणाल्या, "मला सकाळपासून शिंका येताहेत. ड्यूटी सहाला संपते. बसतेस?"

मी बसले. त्यांनी मला लोकरीचा गुंडा धरायला दिला. सहाला पाच मिनिटं असताना त्यांच्या शिंका थांबल्या आणि मला पहिली आली.

याला महिना झाला. वर्गात माझ्या बाकावर दुसरं कुणी बसत नाही. शिंका अजून माझ्याकडेच आहेत.