पालथं पडून ओळखलेलं फूल

फूल ओळखायला काय लागतं? डोळे असले की झालं! असं मी सासूबाईंसमोर बोलून गेलो आणि तिथेच फसलो.

सासूबाई वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. वसंतात खडकांच्या फटींत उगवणारं एक इवलंसं पांढरं रानफूल बघायला त्या दरवर्षी टेकडी चढायच्या. यंदा गुडघ्यांनी संप पुकारला आणि त्या खिडकीशी हिरमुसून बसल्या. मला ते बघवेना.

"आई, मी जातो. फोटो काढून आणतो!"

"फोटोत कळत नाही. पाकळ्या चारच, पण प्रत्येक टोकाशी चिरलेली, म्हणून आठ वाटतात. अगदी जवळून बघा. आणि जावईबापू, तोडायचं नाही!"

टेकडीवर बराच वेळ भटकल्यावर एकच फूल दिसलं. तांदळाच्या कणीएवढं! मी कोरड्या खडकावर पालथा पडलो, भिंग डोळ्याला लावलं, श्वास रोखला. एक पाकळी, दोन...

"अगं, हा गेला बहुतेक!" मागून एक पुरुषी आवाज आला.

मी वळणार तोच एका दणकट हाताने मला दाबून धरलं. "हलू नका! मी रोज येतो इथे फिरायला." जणू तेवढ्याने माणूस डॉक्टर होतो!

"अहो, मी पाकळ्या मोजतोय!"

"बरळतोय! पाणी मार गं!"

त्याच्या बायकोने अख्खी बाटली माझ्यावर ओतली. मी उठलो तेव्हा खडक धुऊन स्वच्छ झाला होता. फुलाचा पत्ता नव्हता.

ओलाचिंब घरी आलो. सासूबाईंना काय तोंड दाखवणार? पण त्यांनी माझ्या शर्टाकडे निरखून पाहिलं, चिमट्याने खिशावरून काहीतरी अलगद उचललं आणि भिंगाखाली धरलं.

"चार, चिरलेल्या! हेच ते!" त्यांचा चेहरा असा खुलला की मला भिजल्याचं काही वाटेना.

"मागच्या पायरीच्या फटीत एक आलं होतं हो," त्या म्हणाल्या. "टेकडी नाही तर नाही, म्हणून तेच रोज बघायचे. रविवारी कुणीतरी मुळासकट उपटलं!"

बायकोने माझ्याकडे बघितलं. रविवारी दुपारी सासूबाई झोपल्या असताना पायऱ्यांवरचं गवत कुणी खरवडलं, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

"मांजर असेल," मी म्हणालो.

सासूबाईंनी भिंग फुलावरून उचललं आणि माझ्यावर रोखलं.

"चार पायांचं की दोन?"

ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही!