मागच्या भिंतीवरची गोवरी

वांग्यावर मावा पडला होता, म्हणून मी राख टाकायची ठरवली. एवढंच ठरवलं होतं. यात चूक कुठं झाली ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही, पण पुढं जे झालं ते सगळं माझ्यामुळं झालं, यावर घरात सगळ्यांचं एकमत आहे.

मी काकासाहेब. बेलापूरजवळ आमची वस्ती. शाळा चौथीपर्यंत (तिसरीत दोनदा बसलो ते धरून). सगळा जन्म उसात गेला. उजव्या हाताचं मधलं बोट निम्मं कडबाकुट्टीनं खाल्लं, पण त्यावाचून कुठलं काम अडलं नाही. मग पोरानं, रविराजनं, शेत ताब्यात घेतलं आणि मला म्हणाला, "आबा, तुमी आता परसात बघत जा." परस म्हणजे घरामागं मोरीच्या पाण्यावर वाढलेली चार केळी, आळू, वांगी, मिरच्या आणि एक कढीपत्ता. ज्या माणसानं रात्रीचं पाटपाणी एकट्यानं वळवलं, त्याला कढीपत्त्याला तांब्यानं पाणी घालायला बसवला.

बसलो. म्हाताऱ्याला दुसरं काय करता येतं.

पण परसात राज्य आमच्या मंडळींचं, पुष्पावतीचं. माघ लागला की तिथं एकदम कामं निघतात. ती भाच्याच्या लग्नाला पाथर्डीला निघाली तेव्हा पिशवी काखेत धरून मला म्हणाली, "वाळलेला वाल उपटा. मिरचीला मातीची भर द्या. उन्हाळी वेलांना आळी खांदून ठेवा. दुसऱ्या कशाला हात लावू नका."

मी वाल उपटला, मिरचीला भर दिली, आळी खांदली आणि दुसऱ्याला हात लावला.

तर राख. वांग्यावर सकाळच्या दवात राख उधळली की मावा जातो, हे आमच्या आईनं केलेलं मी बघितलं होतं. पण घरात राख नाही. सैपाकाला गॅस, अंघोळीच्या पाण्याला छपरावर सूर्याचा बंब. गुरं पोरानं विकून टाकली, त्यामुळं गोवऱ्याही नाहीत. पूर्वी गरिबाच्या घरात काही नसलं तरी राख असायची. आता सगळं आहे आणि चिमूटभर राख नाही.

एवढ्यात मागच्या भिंतीवर एक गोवरी दिसली. एकटीच. चांगली जाड, वाळून खडंग झालेली. मला वाटलं, मंडळींनी होळीला म्हणून ठेवली असेल. होळीला दुसरी बघू.

काढली आणि पेटवली. ती जळताना तडतड तडतड वाजायला लागली. आमच्यात शेण येतं ते शेजारच्या भिमाजीच्या म्हशीचं. म्हटलं, भिमाजी म्हशीला काय खाऊ घालतो कुणास ठाऊक, शेणसुद्धा फटाक्यासारखं वाजतंय. गोवरी मधोमध जळली, कडा तशाच राहिल्या. मला धीर नाही. काठीनं कुस्करली, राख वांग्यावर उधळली आणि अर्धवट जळलेली ढेकळं वांग्यांच्या बुडाला टाकून दिली. हात झटकले. काम कसं झटपट झालं.

दुपारी मंडळींचा फोन आला.

"आळी खांदली का?"

"खांदली."

"सोमवारी येते मी. आल्यावर गोवरी भिजत घालू."

"कंची गोवरी?"

"मागच्या भिंतीवरची. दुधीचं बी थापलंय तिच्यात. आईचं."

मी वांग्यांकडं बघितलं.

"अहो, आवाज येतोय का?"

"न्हाई, रेंज न्हाई," मी म्हणालो. (रेंज पूर्ण होती. माझाच आवाज गेला होता.)

बायका वेलाचं बी शेणात घालून गोवरी थापतात, म्हणजे वर्षभर त्याला किडा लागत नाही. हे सगळ्या गावाला माहीत. मी उसाचा माणूस. उसाला कांडी लागते, बी लागत नाही.

आणि हे बी साधं नव्हतं. लग्नात हिच्या आईनं पदराच्या गाठीत बांधून दिलेलं. ती माउली जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण तिची दुधी दर उन्हाळ्यात आमच्या मांडवावर लोंबते. पाहुणे आले की आमची मंडळी ताटात आधी आईचं नाव वाढते आणि मग भाजी.

संध्याकाळी सूनबाई, धनश्री, पतसंस्थेतल्या कामावरून आली. तिला सांगितलं. तिनं पर्स खाली ठेवली.

"आबा, तुमी आत्याबाईंचं माहेर जाळलं."

"नीट बोल."

"नीटच बोलले. आता खरं काय ते सांगून मोकळं व्हा."

"तुझ्या सासूला? तू नवी हायस अजून."

"अकरा वर्षं झाली मला."

"तेच म्हणतोय. नवी हायस."

मी दुसऱ्या दिवशी बेलापुरात जाऊन दुकानातलं बी बघून आलो. पाकीट फोडलं तर बी गुलाबी. औषध चोळलेलं असतं म्हणे. हिच्या आईचं बी काय रंगपंचमी खेळून आलं, असं विचारलं असतं तिनं. मग धनश्रीच म्हणाली, "आत्याबाईंनी मागं भिमाजी काकांच्या घरी दिलं हुतं की बी. त्यांच्याकडं बघा."

इथं खरी अडचण होती. भिमाजीचं आणि माझं बोलणं नव्हतं. त्याच्या शेवग्याची फांदी आमच्या हद्दीत आली होती, ती मी कोयत्यानं तोडली. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही आणि मी त्याच्याशी. (फांदीला शेंगा होत्या. त्या आम्ही आमटीत घालून खाल्ल्या.)

कुंपणाजवळ गेलो. पलीकडं भिमाजी म्हशीला वैरण टाकत होता. मी म्हशीकडं तोंड केलं.

"चंद्रे, आमच्या मंडळींनी तुमच्यात दुधीचं बी दिलं हुतं. त्यातलं उरलंय का, तेवढं मालकाला इचार."

भिमाजीनं म्हशीच्या पाठीवर हात फिरवला. "चंद्रे, तेला सांग, बी उरलंय. शेवग्याची फांदी तेवढी उरली न्हाई."

"फांदी माझ्या हद्दीत हुती, म्हणावं."

"मंग शेंगा आमटीत कशा गेल्या, म्हणावं. आमटीबी हद्दीतच हुती का?"

म्हैस एकदा याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. तिला दोघांचंही पटलेलं दिसत नव्हतं.

"चंद्रे, जरा नड हाय म्हणावं. पाटीभर शेणबी पायजे."

"शेण तुझंच हाय चंद्रे, तू दे. बी पायजे आसंल तर तेला म्हणावं, शेवग्याफुडं हुबा राहा आन् म्हण, चुकलो."

मी शेवग्यापुढं उभा राहिलो आणि चुकलो म्हणालो. वर तो म्हणाला, जरा मोठ्यानं, शेवगा उंच आहे. मोठ्यानं म्हणालो. त्या दिवसांत मला टोमणा मारला नाही असा तो शेवगा एकटाच.

भिमाजीनं फडक्यातलं बी आणून माझ्या हातावर ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघून बोलला. "एवढंच हाय. माझंबी पेरायचं राह्यलंय. वैनींचा वाण हाय, वेल आला की बी परत दे."

शेण कालवलं, बी घातलं, भिंतीवर थापलं. ते पडलं. परत थापलं. परत पडलं. तिसऱ्यांदा रागानं असा पंजा हाणला की चिकटलंच. उरलेल्या शेणाची शेजारी तसाच पंजा हाणून आणखी एक थापली, म्हणजे एकटी दिसायला नको. पण सोमवार जवळ आलेला आणि गोवऱ्या ओल्याचिंब. सूनबाईकडं केस वाळवायचं यंत्र आहे, ते मागितलं.

"देते," ती म्हणाली. "पर मंग ते तुमच्याच टकलाला वापरा. मी परत डोक्याला लावनार न्हाई."

ती कामाला गेल्यावर मी बियाची गोवरी उलथन्यानं अलगद काढली आणि भाकरीच्या तव्यावर ठेवून गॅस लावला. बारीकच ठेवला. गोवरी छान कडक झाली. थोडं तडतडलं, पण आता मला तडतडीचं कौतुक उरलं नव्हतं. ओल्या शेणानं ती पुन्हा भिंतीला डकवली. मग तवा घासायला राख शोधली, आणि राखेसाठीच हे सगळं झालं ते आठवून माती घेतली.

सोमवारी मंडळी आली. पाय धुवायच्या आधी मागं गेली, भिंतीपुढं उभी राहिली. मी केळीला पाणी घालायला लागलो.

"गोवरी पडलीबिडली न्हवती ना?"

"छे."

"बरं," ती म्हणाली, आणि पाय धुवायला गेली.

गोवरी भिजवली, बी काढलं, आळ्यांत लावलं. मी सकाळ-संध्याकाळ आळ्यांना पाणी घालू लागलो. एवढी काळजी मी रविराज लहान असताना त्याची घेतली नव्हती. आठवडा गेला, दुसरा गेला, शिवरात्र झाली, थंडी गेली. आळ्यांत काही नाही. एकदा बोटानं माती उकरून बघितलं, तर बी चण्यासारखं खरपूस. तेव्हा कळलं की मी तव्यावर नुसतं शेण वाळवलेलं नव्हतं.

हिच्या आईचं बी मी एकदा जाळलं आणि एकदा भाजलं. गावात दुसरीकडं कुठंच नाही. एक दिवस ती आळ्याच्या काठाला बसली, मातीवर हात फिरवला आणि म्हणाली, "आईचा वाण गेला म्हणायचा." माझ्याकडं बघितलं नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. (एक भाकरी कमी खाल्ली.) रात्री सांगून टाकू असं ठरवलं. रात्री सकाळी सांगू असं ठरवलं.

सकाळी वांग्यात गवत काढायला वाकलो, तर वांग्यांच्या बुडाला, त्या फेकलेल्या ढेकळांतून, तीन कोंब. जाड जाड दोन पानं आणि मधी लव असलेलं तिसरं. दुधी. राखेतून राहिलेलं कडेचं बी, हिच्या आईचं, माझ्या हातून वाचलेलं. मी गुडघे दुखायचे विसरलो. हाका मारल्या, सगळे आले.

"आगं बघ, वाण गेला न्हाई. वांग्यात उगवलाय."

मंडळी खाली वाकली. एकेका कोंबाला बोट लावलं. डोळ्याला पदर लावला आणि लगेच काढला.

"गोवरीतलं बी आळ्यात उगवलं न्हाई," ती म्हणाली, "आन् वांग्यात कसं आलं?"

आता खरं सांगायला उत्तम वेळ होती. मी म्हणालो, "उंदरानं वढून नेलं आसंल. उंदीर लई माजलेत."

"व्हय, उंदीरच," ती म्हणाली. "साडेचार बोटांचा."

आणि भिंतीकडं हात केला. तिथं माझी दुसरी, शोभेची गोवरी अजून चिकटलेली होती. गोवरी थापली की तिच्यावर पंजा उमटतो, हे मी जन्मभर बघितलेलं. हिच्या गोवऱ्यांवर बारकी पाच बोटं असतात. या गोवरीवर रागानं हाणलेला भला मोठा पंजा होता, आणि मधलं बोट निम्मं.

"तुला कवा कळलं?"

"आले तवाच. पाय धुवायच्या आधी."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमी रोज दोनदा पानी घालत हुता. म्हनलं घालूद्या. शेजारची मिरची बघा कशी तरारलीय."

धनश्री तोंडाला ओढणी लावून आत गेली. मी कुंपणाकडं वळलो, तर तिथं भिमाजी म्हशीची पाठ खाजवत उभा. सगळं ऐकलेलं.

"चंद्रे," तो म्हणाला, "त्या उंदराला इचार, आमचं बी कवा देतो."