एर्मिलोच्या हातातून सरकलेला साप

एर्मिलो कानुलच्या धाकट्या मुलीला, निकोलासाला, मागणी आली ते अठ्ठावन्न साल. मे महिना होता आणि युकातानचं सगळं रान उन्हात डोळे मिटून पडलं होतं. मुलाची आई ब्रिहिदाबाई शेजारच्या गावची. तिने बाकी काही मागितलं नाही. एवढंच म्हणाली, "लग्नातला पांढरा झगा घरच्याच हाताने, रंगीत दोऱ्यांनी भरलेला हवा. गळा आणि घेर, दोन्ही. महिन्याभराने मी येऊन बघीन, मग तारीख धरू."

घोडं अडलं ते इथेच. निकोलासा मक्याची भाकरी चंद्रासारखी थापायची, विहिरीतून दोन घागरी एका दमात ओढायची. पण सुई हातात घेतली की तिची बोटं एकमेकांत अडकायची. तिने भरलेला गुलाब बघून गल्लीतल्या तोमासाआजीने विचारलं होतं, "या कोंबड्याला कोणी मारलं गं?"

अशात एका सकाळी एर्मिलो परसातल्या कोठारात कणसं काढायला गेला. उंदरांनी तिथे धुमाकूळ घातला होता. कणसांच्या राशीतून त्याला एक दोरीचं टोक लोंबताना दिसलं. मोळी बांधायची आपली हरवलेली दोरी हीच, असं समजून तो ती एका हातावरून दुसऱ्या हातावर घेत ओढू लागला. दोरी गार लागली. मऊही लागली. अर्धी ओढून झाल्यावर ती श्वास घेतेय असं त्याला वाटलं. पण डोळ्यांवर अजून झोप होती, म्हणून तो ओढत राहिला. शेवटी दोरीला डोकं निघालं.

ओचकानचं पिल्लू होतं ते. अजगराच्या जातीचं, बिनविषारी, दीड हात लांब. पाठीवर तपकिरी चौकटी, एकीत एक गुंफलेल्या, कोणी सावकाश मोजून भरल्यासारख्या. पिल्लाने जीभ काढून हवा चाखली आणि एर्मिलोकडे बघत राहिलं. एर्मिलोलाही नजर काढवेना. मग एकदम भानावर येऊन त्याने ते टोपलीत टाकलं आणि ओरडला, "म्हातारे, इकडे ये! उंदरांचा काळ सापडला!"

त्याची बायको फिदेन्सिया पिठाच्या हातांनी धावत आली. टोपलीत डोकावली आणि किंचाळायच्या ऐवजी तिने हात जोडले.

"ओचकान! आणि तेही पिल्लू! अरे, देवानेच धाडलं हे! निकोलासा, हात धुऊन ये गं!"

त्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. ओचकानचं पिल्लू शेपटीपासून डोक्यापर्यंत मुलीच्या हातातून सरकवलं, की त्याच्या पाठीवरची नक्षी तिच्या बोटांत उतरते. फक्त आधी दुसऱ्या कोणाच्या हातातून ते गेलेलं नसावं.

"तू नाही ना हात लावलास?" फिदेन्सियाने विचारलं.

एर्मिलोने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. "मी? छे. काठीने उचललं."

पस्तीस वर्षांच्या संसारात तो फारसं खोटं बोलला नव्हता. सवय नसल्यामुळे ते त्याने नेमकं नको तिथे वापरलं.

निकोलासाने डोळे घट्ट मिटून, हसत, शहारत पिल्लू हातातून सरकवलं. काम झाल्यावर फिदेन्सिया म्हणाली, "आता याला रानात सोडून ये."

"सोडून येऊ? आणि उंदीर कोण धरणार, तुझा भाऊ?"

"माझ्या भावाला मधे आणू नकोस. घरात साप ठेवून मला झोप लागायची नाही."

"आपले आजे-पणजे कोठारात ओचकान ठेवायचे."

"कुठे आहेत ते? मेलेच ना सगळे?"

"सापाने नाही मेले!"

भांडण मिटवायला तोमासाआजीला बोलावलं. ती म्हणाली, "जिथून उचलला तिथेच सोडायचा असतो. नाहीतर गुण परत जातो."

"म्हणजे कोठारातच," एर्मिलो घाईघाईने म्हणाला.

"झगा पुरा होईपर्यंत," फिदेन्सियाने बजावलं. "टाका संपला, की साप बाहेर."

चार दिवस गेले. निकोलासाच्या कोंबड्याला आता पायही फुटले. पुढे सरकत नव्हतं काहीच. एर्मिलोचं मात्र भलतंच सुरू झालं. शेतात तण उपटता उपटता तो थांबायचा. वाळलेल्या पाल्यावर ऊन-सावलीच्या चौकटी पडायच्या, त्या तो मोजत बसायचा. डोळे मिटले की पापण्यांच्या आत लाल, जांभळी, पिवळी फुलं एकामागून एक उमलायची आणि रांगेत उभी राहायची. बोटांच्या टोकांना गोड खाज सुटायची.

पाचव्या दुपारी सगळं घर जेवून आपापल्या जाळीच्या झोळीत पडलं होतं. झोळ्या हलत हलत थांबल्या. कौलासारखी शाकारलेली ताडाची पानं उन्हात कुरकुरत होती. निकोलासाच्या झोळीखाली झगा पडला होता. एर्मिलोने तो उचलला. एकच पान भरू, म्हणाला. सुई कापडातून अशी गेली, जणू ती तिथूनच जायची वाट बघत होती. पानाला देठ लागला, देठाला फूल. त्याने मान वर केली तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं आणि घेराला वीतभर बाग लागली होती.

संध्याकाळी घरात एकच गलका.

"निकोलासा, हे तू केलंस?"

"मी तर झोपले होते, आई."

"झोपेत केलंस! गुण लागला गं बाई, गुण लागला!"

तोमासाआजीने फुलांवरून बोट फिरवलं आणि निकाल दिला, "झोपेत उतरतोय. मात्र कोणी बघायचं नाही. बघितलं की आटतं."

त्या दिवसापासून निकोलासाला झोपवणं हेच घराचं मुख्य काम झालं. फिदेन्सिया तिला काळ्या घेवड्याचं कालवण दोनदा वाढायची. कुत्रा भुंकू नये म्हणून शेजाऱ्यांकडे नेऊन बांधला. पाहुण्यांना दारातूनच परतवलं. मुलगी झोपली, की फिदेन्सिया स्वतः भिंतीकडे तोंड करून झोळीत पडायची, आणि चुकून दिसू नये म्हणून डोक्यावर पदर घ्यायची. मग एर्मिलो अलगद उठायचा. बाहेर कोठारात ओचकान उंदीर गिळून पडलेला, आत दोघी झोपलेल्या, आणि मधे तो एकटा जागा; जागा तरी कसला, स्वप्नात बसल्यासारखाच.

तिसऱ्या आठवड्यात फिदेन्सियाने डोळे उघडले, ते नेमके झोळीवरच्या वाशावर. वाशावरून ओचकान तिच्याकडे बघत होता.

"आजच्या आज बाहेर!" ती गरजली.

"अजून दोन विती घेर राहिलाय."

"उंदीर संपले. शेपूटसुद्धा दिसत नाही. आता तुला त्याचा एवढा पुळका कशाचा?"

"साप गेला आणि हात गेला तर?"

"कुणाचा हात?"

"निकोलासाचा," एर्मिलो म्हणाला. लग्नाची काळजी तर होतीच. पण त्याहून मोठी भीती अशी, की उद्या दुपारी आपण सुई उचलू आणि ती नुसती सुई असेल.

फिदेन्सियाने आठ दिवस दिले. सातव्या दिवशी शेवटचा टाका पडला आणि आठव्या दिवशी ब्रिहिदाबाई आली. तिने गरम कोकोचे दोन घोट घेतले, तोंड पुसलं आणि झगा मांडीवर पसरला. फुलांकडे तिने फार बघितलं नाही. सरळ घेर उलटा केला.

आतल्या गाठींवरून तिने अंगठा फिरवला.

"ही गाठ बाईमाणसाची नाही," ती म्हणाली. "मोळी बांधतात तशी मारली आहे."

फिदेन्सियाने निकोलासाकडे पाहिलं. निकोलासाने बापाकडे. ब्रिहिदाबाईने हात पुढे केला. "व्याहीबुवा, बोटं दाखवा."

बोटं सुईने चाळण झाली होती.

"म्हाताऱ्या!" फिदेन्सिया ओरडली. "काठीने उचललं म्हणालास ना?"

"दोरी वाटली गं मला."

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," निकोलासा हळूच म्हणाली. "एवढा घेवडा खाऊन कोणाला झोप लागते? पोट दुखायचं माझं."

आता बाई उठणार आणि निघून जाणार, असं धरून एर्मिलो मान खाली घालून उभा राहिला. ब्रिहिदाबाईने झग्याची नीट घडी घातली.

"हा साप मुलींच्या हाताला लागतो, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सगळेच सांगतात," फिदेन्सिया म्हणाली.

"सगळे म्हणजे बायका. सांगावंच लागतं. तो पुरुषांच्या हातालाही लागतो हे कळलं, तर एक तरी पुरुष कोठारात पाऊल टाकील का? आमच्या घरातलं सगळं भरतकाम आमच्या ह्यांचं. ते गेल्याला तीन वर्षं झाली, घरात एक नवीन उशी नाही. मला मुलीचा हात बघायचाच नव्हता, विहीणबाई. घरात भरणारं कोणी आहे का, तेवढं बघायचं होतं." मग ती जरा पुढे सरकली. "साप देता का?"

"न्या! आत्ता न्या!" फिदेन्सिया म्हणाली.

"नाही," एर्मिलो म्हणाला. तो इतक्या शांतपणे म्हणाला, की तिघी त्याच्याकडे बघतच राहिल्या.

ब्रिहिदाबाईने क्षणभर विचार केला. "मग मुलगाच पाठवते. रीतीप्रमाणे गास्पार वर्षभर सासऱ्याच्या शेतात राबेल. दुपारी तुमच्याजवळ बसेल. आमच्याकडे परत येईल तो भरतकामाचा हात घेऊन येईल."

साप ठेवायचा की नाही, यावर त्या घरात महिनाभर वाद चालला होता. जावई ठेवायचं कोको निवायच्या आत ठरलं.

ओचकान कोठारात सहा वर्षं राहिला. मांडीएवढा जाड झाला आणि एका पावसाळ्यानंतर दिसेनासा झाला. एर्मिलोचा हात मात्र राहिला. म्हातारा झाला की त्याला पंख फुटतात आणि तो समुद्राकडे उडून जातो, असं तोमासाआजी म्हणायची. फिदेन्सियाने नंतर दोन महिने तरी झोळीत पडताना वाशाकडे बघितलं.

फिदेन्सिया अडुसष्ट साली मार्चमध्ये वारली. एर्मिलो कानुल एकाहत्तर साली, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी जेवण झाल्यावर गेला.