लाल गाडीचं भारनिवारण

मोराला नांगराला जुंपू नये, हे ज्याला सांगावं लागतं त्याच्याकडे बहुधा मोर असतो. बाकीच्यांकडे बैल असतात, आणि बैलांविषयी सभा भरत नाहीत.

दाताच्या डॉक्टरांकडे मोर होता. लाल रंगाचा, दोन माणसांचा, जमिनीपासून वीतभर उंच. ही जुनी स्पोर्ट्स कार सकाळी खोकायची, थंडीत रुसायची आणि कुणाला न सांगता मध्येच गप्प व्हायची. दवाखान्यात दुसऱ्याची दाढ उपटताना डॉक्टरांचा हात कधी थरथरला नाही. पण गाडीच्या आरशावरची धूळ ते फुंकरीने उडवत, आणि फुंकरीने ओल आली असेल म्हणून मग मऊ फडक्याने टिपत.

डॉक्टर जुन्या गाड्यांच्या मंडळाचे सभासद होते. मंडळात ‘बंद पडली’ हा शब्दप्रयोग वर्ज्य आहे. गाडी ‘विसावते’. मंडळाच्या पाहणीनुसार सभासदांच्या गाड्या वर्षातला बराच काळ विसावलेल्या असतात आणि उरलेला काळ विसाव्याची तयारी करतात. मात्र एकही गाडी बंद पडल्याचं आढळलेलं नाही. (नव्या गाड्यांना हे अजून साधलेलं नाही.)

डॉक्टरांची बायको शाळेत भूगोल शिकवायची. सगळे तिला बाई म्हणत. बाईंनी आयुष्यभर फळ्यावर तळी काढली, निळ्या खडूने भरली, आणि तास संपला की पुसली. स्वतःचं पाऊल मात्र कुठल्या पाण्यात भिजलं नव्हतं. दर सुट्टीत तळ्याकाठी जायचा बेत ठरे, आणि दर सुट्टीत गाडी विसावे. तळ्याकाठी जाग यावी, खिडकी उघडावी, समोर पाणी असावं आणि शेजारी नवरा असावा, एवढंच बाईंचं मागणं होतं. (मंडळाच्या मते यातलं पाणी रास्त होतं.)

एकदा जेवताना डॉक्टर म्हणाले, “अगं, ही गाडी मनावर घेईल तर घर ओढून नेईल!”

बाईंनी ते वाक्य जपून ठेवलं. आणि सुट्टी लागली त्या दिवशी फाटकाशी एक घर उभं होतं. निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापिकेने देऊन टाकलेली कॅरव्हॅन: पांढरी, गोल पोटाची, आत दोन पलंग, शेगडी, कपाट, पाण्याची टाकी, आणि खिडकीला फुलाफुलांचे पडदे.

“हे काय?” डॉक्टर म्हणाले.

“घर. ओढा.”

“अगं, मी आपलं बोलण्याच्या ओघात…”

“मी नाही ओघात. ऐका. सुट्टी संपायच्या आत या गाडीने हे घर तळ्याकाठी नेलं, तर गाडी राहील. जन्मात तिच्याबद्दल शब्द काढणार नाही. नाही नेलं, तर आल्या आल्या गाडी विकायची. कबूल?”

डॉक्टरांनी एकदा घराकडे पाहिलं, एकदा गाडीकडे. पण मोर घरात असलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. “कबूल,” ते म्हणाले.

(अटीत बाईंनी स्वतःचा उल्लेख केला नाही. तो गृहीत असतो, असा त्यांचा समज होता.)

मंडळाने प्रकरण तातडीने हाती घेतलं. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, त्यामुळे कुठल्याही बिघाडात आधी दोषी कोण ते ठरे. गाडीच्या मागे आकडा बसवला, घर जोडलं. तशी घराने मान टाकली, गाडीने नाक वर केलं, आणि तिची पुढची चाकं जमिनीचा निरोप घेऊ लागली.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. “गाडी कमकुवत आहे असं म्हणता येणार नाही. घर जड आहे.”

या निर्णयातून भारनिवारण समितीचा जन्म झाला. समितीने आधी पाण्याची टाकी काढली. तळ्यात पाणी असतंच. मग शेगडी, कारण पाणी असतं तिथे माणसं असतात, आणि माणसं असतात तिथे चहा मिळतो. मग पलंग. पलंगच नाहीत तर गाद्या कशावर घालणार, म्हणून गाद्या. गाद्यांपाठोपाठ कपाट. शेवटी पडदे काढले, कारण आत आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

काढलेलं सगळं सामान बाईंच्या भावाच्या गाडीत गेलं. भावाचा फरशीचा धंदा. त्याची गाडी राखेच्या रंगाची, बोजड, पोचे पडलेली. तिच्याकडे वळून कुणी पाहत नसे, आणि तीही कुणाकडे पाहत नसे. मुकाट चालायची.

“दाजी,” फरशीवाला कपाटाला दोर आवळत म्हणाला, “सगळं माझ्याच गाडीत येतंय, तर तो आकडापण इकडेच लावू की! जेवायच्या वेळेला तळ्यावर.”

“मग ओढलं कुणी म्हणायचं?”

“पोचल्यावर कोण विचारतंय?”

“इथेच तर तुझं चुकतं,” डॉक्टर कळवळून म्हणाले.

“मुद्दा निकाली,” अध्यक्ष म्हणाले, आणि फरशीवाल्याच्या गाडीत जाऊन बसले. त्यांची स्वतःची गाडी विसावली होती.

मिरवणूक निघाली. पुढे लाल गाडी, तिच्या मागे रिकामं घर, त्याच्या मागे भरलेली गाडी. डॉक्टरांच्या शेजारी बाई, मांडीवर डबा. सपाट रस्त्यावर सगळं दृष्ट लागण्यासारखं झालं. मागे खोळंबलेल्या वाहनांपैकी बहुतेकांनी काच खाली करून अंगठा वर केला. (उरलेल्यांनी काय वर केलं, ते समितीने विचारात घेतलेलं नाही.)

मग चढ आला. अर्ध्यावर गाडीच्या नाकातून वाफ निघाली आणि ती विसावली. समिती रस्त्याच्या कडेला बसली. घर रिकामं. डिकी रिकामी. डॉक्टरांनी खिशातलं सुटं नाणंसुद्धा काढून ठेवलं. तरी कुठेतरी भार शिल्लक होता. अध्यक्षांची नजर घरावरून गाडीवर आली, गाडीवरून डॉक्टरांवर, आणि डॉक्टरांच्या शेजारी स्थिरावली.

“वहिनी, गैरसमज नको. व्यक्तिशः काही नाही. हा निव्वळ वजनाचा प्रश्न आहे.”

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा तापमानाच्या काट्याकडे पाहत होता.

“अहो?”

“अगं, चढापुरतं फक्त.”

बाई उतरल्या. डबा काखोटीला मारला आणि मागच्या गाडीकडे चालताना, जात्यावर बसल्यासारख्या गुणगुणल्या:

*लाल सवतीच्या पायी उतरले मी वाटेला,*
*भाऊ माझा पाठीराखा, गादी-उशी सोबतीला.*

“ताई, पुढे बस,” फरशीवाला म्हणाला, आणि अध्यक्षांना मागे गाद्यांत सरकवलं.

रिकाम्या जागेवर समितीने पाण्याचे कॅन रचले, कारण रेडिएटरची तहान मोठी होती. वळणावर हलू नयेत म्हणून त्यांना पट्टा बांधला. कॅन बाईंपेक्षा काकणभर जडच भरले असते; पण ते वजन गाडीच्या उपयोगाचं असल्याने समितीने त्याला वजन मानलं नाही. गाडीला पाणी पाजलं, गोंजारलं, आणि ती चढ चढली! डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे कुणाला तरी सांगावं म्हणून ते उत्साहाने शेजारी वळले. कॅन डुचमळले.

चढ संपल्यावर बाईंना परत बसवायचं होतं. पण आता जागा नव्हती, आणि फरशीवाल्याची गाडी केव्हाच पुढे गेली होती. डॉक्टर एकटेच चालले. गाडी झाडाखाली विसावली, पुलावर विसावली, एका लग्नाच्या वरातीपुढे विसावली तेव्हा वरातीने तिलाच ओवाळलं. डॉक्टर रात्री गाडीतच, कॅनला टेकून झोपत. सुट्टी वितळत गेली.

शेवटच्या दिवशी, उन्हं कलताना, तळ्याकाठी भोंगा वाजला. लाल गाडी आणि पांढरं घर झाडांतून बाहेर आली. कुठेही ओरखडा नव्हता. डॉक्टर उडी मारून उतरले.

“अगं, पोचलं! बघ, पोचलं!”

बाई पाण्यातून वर आल्या. पाय ओले, नाक उन्हाने सोललेलं, दहा वर्षांनी लहान दिसत होत्या. त्यांनी घराच्या दारातून आत डोकावलं. आत फक्त ऊन होतं.

“वचन ते वचन,” त्या म्हणाल्या. “गाडी राहिली तुमची.”

“मग बस ना आता. आपण दोघं पाणी बघू.”

“मी बघितलं. पहाटे दुधासारखं असतं. दुपारी बघवत नाही इतकं चमकतं. संध्याकाळी बदकं येतात, त्यांना पोळी घाला.” बाईंनी पदराला हात पुसले. “निघते. उद्या शाळा आहे.”

“दाजी, गादी देऊ का काढून?” फरशीवाला म्हणाला. “अगदी खाली आहे. वर कपाट बांधलंय, कपाटावर अध्यक्षांची खुर्ची.”

“नको, नको. कशाला तुला त्रास.”

राखेच्या रंगाची गाडी निघून गेली. डॉक्टर रिकाम्या घरात, उघड्या फळीवर झोपले. पहाटे जाग आली. खिडकीला पडदा नव्हता. समोर पाणी होतं, खरोखरच दुधासारखं. “अगं, ऊठ, बघ,” ते म्हणाले, आणि शेजारी वळले. तिथे फळी होती.

बाईंनी शब्द पाळला. त्या गाडीबद्दल पुन्हा कधी काही बोलल्या नाहीत. पुढे हळूहळू इतर विषयांवरही बोलेनाशा झाल्या.

मंडळाने ही मोहीम संपूर्ण यशस्वी ठरवली असून, तिच्या अनुभवावरून सभासदत्वाचा नियम शिथिल केला आहे. आता जुनी गाडी असण्याची अट नाही. ज्याच्यापाशी अभिमानाची कुठलीही एक निरुपयोगी वस्तू, कला, पदवी किंवा मत आहे, आणि ज्याच्या मागून कुणीतरी मुकाट्याने सगळं सामान घेऊन येतं, तो आपोआप सभासद. त्यानुसार तुमचं नाव कधीच नोंदवलेलं आहे. बिल्लाही घरी पोचला आहे. तो कुठे ठेवलाय ते घरात विचारा. तुम्हाला सापडायचा नाही.