शुद्ध नमुना

देवसिंग राठोडांना राग आला की ते आधी तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा डाव्या गालात सरकवत आणि मगच बोलायला लागत. त्या दिवशी मारेगावच्या घरात त्यांनी तो इतक्या तावातावाने सरकवला की स्वयंपाकघरातल्या लालीबाई सावध झाल्या.

मुलाचा, म्हणजे नयनचा, विमा अडकला होता. नेरच्या सुरभीने लग्नाला होकार देताना एकच अट घातली होती, आधी विमा, मग साखरपुडा. तिचे वडील अपघातात गेले तेव्हा आईच्या हाती काहीच उरलं नव्हतं, त्यामुळे तिला नावं ठेवायचीही सोय नव्हती. नयनने अर्जात तंबाखू नाही असं लिहिलं आणि लघवीत निकोटीन निघालं. नयन चोरून वाफेची नळी, म्हणजे ई-सिगारेट, ओढतो आणि कंपनी तिलाही सिगारेटच धरते, हे एजंट इम्तियाजने जमेल तितक्या हळू आवाजात सांगितलं.

"धूर नाई बाबा, वाफ असते. आंब्याच्या वासाची," नयन पुटपुटला.

"आंबा पायजे तर खा ना. ओढतं काहून?" देवसिंग कडाडले. "आपल्या घरी बिडीले कोनी हात लावला नाई अजून. आन् तू पोरीच्या घरी माही मान खाली घातली."

नयनने त्याच दिवशी नळी विहिरीत फेकली. तरी देवसिंग जेवताना, शेतात, पाहुण्यांसमोर त्याला सोलून काढत राहिले. इम्तियाजने कंपनीच्या हातापाया पडून पुन्हा तपासणी मिळवली, पण आता पोरावर भरवसा ठेवायचा कोणी? नमुना न्यायला माणूस आला. नयन भरलेली बाटली मोरीच्या कट्ट्यावर ठेवून हात धुवायला अंगणात गेला, तेवढ्यात देवसिंगांनी ती रिकामी केली आणि स्वतः भरून आणली. त्या माणसाने तिच्यावर नयनचं नाव चिकटवलं.

"माह्यासारखं शुद्ध गावात कोनाचं नाई," त्यांनी नंतर लालीबाईंना बजावलं. लालीबाईंनी त्यांच्या फुगलेल्या गालाकडे पाहिलं. त्या काही बोलणार होत्या, पण या माणसापुढे बोलून कोणाचं काय चाललं होतं?

आठवड्याभराने इम्तियाज आला आणि चहाला नको म्हणाला, तेव्हाच काय ते सगळ्यांना समजलं. तंबाखूचा अंश आधीपेक्षा कितीतरी जास्त होता, वर साखर निघाली होती. अर्ज नामंजूर झाला होता. नयनने तो अहवाल तिथल्या तिथे सुरभीला फोनवर पाठवून दिला.

"नयनभाऊ, खर्रा खाता काय तुमी?" इम्तियाजने विचारलं.

"मले त्याचा वासही सहन होत नाई," नयन रडवेला झाला. "मी तर नळीही सोडलीती."

"खर्रा म्हंजे सुपारी," देवसिंग गुरकावले. "तो काय तंबाखू व्हय?"

इम्तियाज जमिनीकडे पाहत होता आणि लालीबाई थेट नवऱ्याकडे. देवसिंगांनी सवयीने खर्रा डाव्या गालात सरकवला आणि तिथेच ते थांबले. अंगणात जाऊन थुंकून आले तेव्हा नयनचा फोन वाजत होता. सुरभीचाच होता. फोन त्यांनी घेतला आणि स्पीकरवर लावला. पोराचा साखरपुडा आपल्याच हाताने अडवला, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"पोरी, तुही अट नयननं पाळलीती," ते म्हणाले. "ते बाटलीतलं माहं होतं."



"मंग काकाजी," सुरभीने विचारलं, "ते साखरही तुमचीच हाय काय?"

लालीबाईंनी देवसिंगांच्या समोरचा गोड चहाचा कप उचलला आणि आत नेला.