बाळासोंचं बिनशाईचं बोट

"पुरुषानं मिशी राखावी, शब्द राखावा, लईच झालं तर म्हैस राखावी! पण नखं? नखं जपतो तो गडी कसला?"

हे जाहीर उद्गार बाळासो चौगुल्यांनी गडमुडशिंगीच्या दूध संस्थेपुढं, ऐन सकाळच्या गर्दीत काढले. निमित्त होतं गल्लीतल्या राजवर्धनचं. लग्न ठरल्यापासून हे पोरगं कोल्हापूरला जाऊन पार्लरमधनं हाताची नखं घासून आलं होतं. बाळासोंनी ती भर रांगेत धरून सगळ्यांना दाखवली. रांग खदाखदा हसली, पोरगं लाजून कॅनमागं दडलं. मग बाळासोंनी मिशीवरून हात फिरवला, आणि जिंकलेल्या पैलवानाच्या थाटात आपल्या किटलीचं झाकण उघडायला गेले.

कट्ट!

"आयाया गं!"

झाकण जागच्या जागी होतं. उघडलं होतं ते बाळासोंचं नख! मधोमध, उकडलेल्या शेंगेसारखं. बाळासोंनी हात खिशात घातला आणि "आज किटली लई गच्च बसलीया" असं म्हणत घर गाठलं.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या बाळासोंचं बाकी सगळं ठणठणीत होतं. तरुणपणी ते तालमीत जात. आता तिथं कुस्ती किती झाली आणि थंडाई किती झाली, हे विचारणारे जुने लोक उरलेले नाहीत, त्यामुळं बाळासो गावात पैलवान म्हणूनच प्रसिद्ध होते. पण नखं! जन्मभर रश्श्यात बुडून पिवळी पडलेली, कडांनी ढलप्या निघालेली, जुन्या कौलांसारखी तडकलेली. त्यातला मळ ते सेफ्टी पिननं उकरत आणि पिन संपली की दातानं.

घरी येऊन त्यांनी एक सत्कार्य करायचं ठरवलं. बायकोला, म्हणजे अनुजाताईंना, हळदीकुंकवाला जायचं होतं. बाळासोंनी प्रेमानं कपाटातली रेशमी साडी काढून दिली. तडकलेलं नख काठात अडकलं. बाळासोंनी हात ओढला. हाताबरोबर धागा आला. सर्रकन, वीतभर!

"ही नखं हायत का सराटं?" अनुजाताई कडाडल्या. "माझ्या लग्नातली साडी ही! हात माणसात येत न्हाईत तवर माझ्या कापडाला शिवायचं न्हाय! मी सांगून ठेवतो!"

कोल्हापूरकडची बाई रागावली की "मी सांगतो" असंच म्हणते, आणि तिनं सांगितलं की विषय संपतो.

पार्लरला जाणं शक्य नव्हतं. सकाळी काढलेले उद्गार अजून रांगेत ताजे होते. शेवटी बाळासो वैरणीच्या खोलीत शिरले, दार लावलं आणि मोबाइल उघडला. पडद्यावर एक बाई हसत म्हणाली, "नमस्कार मैत्रिणींनो!"

बाळासोंनी दचकून आवाज बारीक केला. आणि मैत्रीण झाले.

मैत्रिणीनं सांगितलं, नखं सरळ आणि आखूड कापा. टोकदार वस्तूनं उकरू नका. लिंबू रगडू नका, नख कोरडं पडतं. रोज कोमट खोबरेल तेल चोळा. आणि आठवड्यातून एकदा मेण आणि एरंडेल एकत्र वितळवा, सोसेल इतकं कोमट झालं की बोटांची पेरं त्यात बुडवा आणि तो पातळ थर काही तास तसाच राहू द्या. बाळासोंनी सगळं मन लावून केलं. नोकरीत फाइलींवर एवढं लक्ष दिलं असतं तर खात्यानं त्यांना सोडलंच नसतं. म्हैस दावणीतनं मान वळवून बघायची. तिच्या पोटासाठी आणलेलं एरंडेल दर आठवड्याला कमी होत होतं, पण ती कुणाला सांगणार?

थोड्याच आठवड्यांत नखांना गुलाबी झाक आली. ढलप्या गेल्या. बाळासो एकांतात हात पुढं धरून बघत बसू लागले. एवढं वैभव, आणि कुणाला दाखवायची सोय नाही!

इकडं दूध संस्थेची निवडणूक लागली. एका बाजूला अमरसिंह, अनुजाताईंचा धाकटा भाऊ. दुसऱ्या बाजूला जुने अध्यक्ष गुंडूअण्णा. अमरसिंहनं चौकात मोठा फ्लेक्स लावला. त्यात सगळ्या भावकीचे फोटो, एक-दोन न जन्मलेल्यांचे सोडून. बाळासोंचा फोटो खालच्या कोपऱ्यात, छापखान्याच्या फोन नंबराशेजारी, पोस्टाच्या तिकिटाएवढा.

"मी दाजी हाय का छापखान्याचा मालक?" बाळासो चौकात गरजले. "बघतो की मतदानाला!"

हे वाक्य गावानं जपून ठेवलं.

मतदानाचा दिवस नेमका मेणाचा निघाला. बाळासोंनी दहाही पेरं बुडवून काढली आणि इतक्यात बाहेरून हाक आली.

"अहो, चला की! रांग वाढायच्या आधी मत टाकून येऊ!"

पेरं पुसायला वेळच नव्हता. शाळेतल्या मतदान केंद्रावर बाळासोंनी हात जपून जपून पुढं केला. मेणाच्या बोटांत पेन ठरेना. सही झाली ती मुंगी शाईत पडून घरी चालत गेल्यासारखी. केंद्राधिकाऱ्यांनी डाव्या तर्जनीवर शाई लावली. बाळासोंनी इमानदारीनं मेव्हण्याच्या चिन्हावर शिक्का मारला, घरी आले, अनुजाताई स्वयंपाकघरात गेल्याची खात्री केली आणि गरम पाणी आणि बेसन घेऊन मेण धुऊन टाकलं.

नखं अशी चमकली, अशी चमकली, की त्या चकाकीत काय गेलं हे बाळासोंच्या ध्यानातच आलं नाही!

दुपारी अमरसिंह चहाला आला. घामाघूम, डोळे लाल. एकेक मत मोजून मोजून त्याची झोप उडाली होती. बाळासोंनी कप पुढं केला आणि अमरसिंहची नजर बोटावर पडली.

"दाजी. दुसरा हात दाखवा."

बाळासोंनी दाखवला. तोही स्वच्छ.

"अक्का!" अमरसिंह ओरडला. "दाजींनी मत टाकलं न्हाय!"

"टाकलंय!" बाळासो म्हणाले.

"मग शाई कुठाय?"

आता काय सांगणार? ज्या मिशीनं नखांची टिंगल केली, त्या मिशीखालून एरंडेलाचं नाव काढायचं? बाळासो म्हणाले, "गेली."

"गेली? कुठं गेली? गडहिंग्लजला?"

अनुजाताई पदर खोचून बाहेर आल्या. "माझ्याबरोबर रांगेत हुबं ऱ्हायलासा, आत गेलासा, आन् मत न टाकता दुसऱ्या दारानं आलासा? एवढ्याशा फोटूसाठी?"

"अगं, शपथ घेतो—"

"माझ्या भावाच्या मुळावर उठलासा! मी चाललो माहेराला!"

माहेर गल्लीच्या टोकालाच होतं, दारातनं दिसत होतं. पण गेल्या तीस वर्षांत अनुजाताईंनी ही धमकी कधी वापरली नव्हती, म्हणून बाळासोंनी धावत जाऊन दार अडवलं.

"अक्का, थांब," अमरसिंह म्हणाला. "अजून मतदान चालू हाय. दाजी, बसा गाडीवर!"

आणि मागं अनुजाताई, मधे बाळासो, पुढं अमरसिंह अशी एकाच मोटरसायकलवरून मिरवणूक शाळेत आली.

केंद्राधिकाऱ्यांनी यादी बघितली. "बाळासो चौगुले? यांचं मतदान झालंय. ही सही."

"बघा!" बाळासो म्हणाले.

"पण बोटाला शाई नाही." अधिकाऱ्यांनी चष्मा वर केला. "परत सही करा बरं."

बाळासोंनी केली. ताज्या, निगा राखलेल्या बोटांनी केलेली सुरेख, वळणदार सही! शेजारची सकाळची मुंगी तिच्याकडं बघून लाजली असती.

"या दोन वेगळ्या माणसांच्या सह्या आहेत," अधिकारी हळूच म्हणाले.

"बोगस!" अमरसिंह किंचाळला. "आमच्या दाजींचं मत कुणीतरी चोरलं!"

"बोगस!" दारातनं गुंडूअण्णाही किंचाळले. सकाळपासून त्यांचा चेहरा पडलेला होता, तो एकदम उजळला. "मतदान रद्द करा सायेब! निवडणूक परत घ्या!"

आपण काय बोलून बसलो हे अमरसिंहला कळलं, पण शब्द आता गुंडूअण्णांच्या ताब्यात गेला होता. बाहेर दोन्ही बाजूंची माणसं जमली. चपला हातात आल्या.

"तोतया मतदान असेल तर मला मोजणी थांबवावी लागेल," अधिकारी म्हणाले. "आणि पोलिसांना बोलवावं लागेल. चौगुले, तुमचं काही म्हणणं?"

बाळासोंनी मेव्हण्याकडं बघितलं. तो रडायच्या बेतात होता. बायकोकडं बघितलं. ती गल्लीच्या टोकाकडं बघत होती. दाराबाहेर अख्खी दुधाची रांग उभी होती, आणि सगळ्यात पुढं राजवर्धन.

"सायेब," बाळासो पुटपुटले, "मेण हुतं."

"मोठ्यानं बोला!"

"बोटाला मेण लावलंतं! मेण आन् एरंडेल! मी... मी नखांची निगा राखतो!"

आधी राजवर्धन हसला. मग सगळे हसले. बाहेरच्या पिंपळावरचे कावळे उडाले.

"थापा!" गुंडूअण्णा म्हणाले. "पैलवान माणूस नखाला तेल लावतोय व्हय? आम्ही काय खुळं हाय?"

"प्रात्यक्षिक दाखवा," अधिकाऱ्यांनी निकाल दिला.

अनुजाताई स्वतः घरी गेल्या. बाळासोंनी सांगितलेल्या जागी, पेंडीच्या पोत्यामागं हात घातला आणि परत आल्या त्या हातात वाटी धरून, डोळ्यांत जाळ.

"माझी हुपरीची चांदीची वाटी! आन् वाटी पळवली म्हणून मी मांजरीला बदडत हुतो!"

शाळेच्या पोषण आहाराच्या चुलीवर मेण कोमट झालं. बोट कुणाचं? गुंडूअण्णांचा कुणावरच विश्वास नव्हता. त्यांनी स्वतःचं, उजव्या हाताचं बुडवलं. थर वाळला. अधिकाऱ्यांनी त्यावर शाई लावली. मग गरम पाणी, मग बेसन. गुंडूअण्णांनी जोरजोरात घासलं.

शाई गेली!

"मान्य," अधिकारी म्हणाले. "मतदान खरं आहे. पुढं चालू द्या."

पण पुढं काही चालू होईना. गुंडूअण्णा विरोध विसरून आपलं एकच गुलाबी नख उजेडात फिरवून बघत होते. बायकांची रांग मोडून टेबलाशी आली.

"बाळासोभावजी, मेण किती घालायचं?"

"एरंडेलाच्या निम्मं," बाळासो नकळत बोलून गेले.

"आन् लिंबू?"

"अजिबात न्हाय! नख कोरडं पडतं. आन् पिननं उकरायचं बंद करा आधी!"

अधिकाऱ्यांनी दोनदा टेबल वाजवलं, तिसऱ्यांदा वाजवताना मात्र हात उलटा करून आपली नखं निरखली.

संध्याकाळी निकाल लागला. अमरसिंह निवडून आला! हलगी कडाडली, गुलाल उधळला. पोरांनी आधी अमरसिंहला खांद्यावर घेतलं, मग बाळासोंना. सगळ्यात खालचा खांदा राजवर्धनचा होता.

"दाजी, उद्या नवा फ्लेक्स!" अमरसिंह गहिवरून ओरडला. "मधोमध तुमचा फोटू! माझ्यापेक्षा मोठा! तुम्ही लाज सोडलीसा म्हणून मी गुलाल बघितला!"

बाळासो घरच्या अंगणात उतरले ते वेगळेच माणूस होऊन. समोर पाव्हण्यांची गर्दी, पेटलेल्या चुली, मटणाची पातेली. त्यांनी घसा साफ केला, गुलालातही चमकणारी दहा बोटं वर धरली आणि नव्यानं जाहीर केलं, "मंडळी! नख म्हंजे माणसाचा आरसा! ज्यानं नखं जपली, त्यानं—"

"अहो!"

अनुजाताई समोर उभ्या होत्या. चेहऱ्यावर राग नव्हता. उलट त्यांनी नवऱ्याचा हात हातात घेतला, उजेडाला धरला, एकेक नख कौतुकानं दाबून बघितलं. बाळासोंची छाती वीतभर फुगली.

"बरी घट्ट झाल्यात की," त्या म्हणाल्या, आणि काखेतलं सूप त्यांच्या हातात दिलं. "पावणं जेवायचं थांबल्यात. एवढा लसूण तेवढा सोलून द्या."