छत्तीस टक्के पाणी

पाथर्डीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावीची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. निळं मोरचूद तापवायचं, त्यातलं पाणी उडवायचं आणि घटलेल्या वजनावरून पाण्याचं प्रमाण काढायचं. सगळ्या मुलांचं उत्तर छत्तीस टक्के आलं. ते त्यांना रसायनशास्त्र शिकवणाऱ्या भीमराज सरांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं.

बाहेरून आलेले परीक्षक आबासाहेब भराभर सह्या करत सुटले होते. कैनातच्या कागदावर मात्र अडखळले. उत्तर होतं शून्य.

"पोरी, मोरचुदात पाणीच नाही?"

"हाय की सर. पन बर्नर पेटलाच न्हाई. वजन हुतं तेवढंच राह्यलं."

आबासाहेबांनी बर्नरची नळी ओढली. ती सरळ हातात आली. "भीमराज, सिलिंडर कुठंय?" ते कडाडले.

भीमराज सर त्यांच्या कानाशी लागले. "मागच्या खोलीत, सर. तुमचं मटण शिजतंय त्याच्यावर."

आबासाहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "हे बघ बाळ, शास्त्रात पुस्तकाचा मान ठेवावा लागतो. छत्तीस लिही आणि जा घरी."

"न तापवता कसं लिहू?" कैनातने मोरचुदाची मूस उचलली आणि ती मागच्या खोलीत गेली. तिथे शिपाई बनुबाई मटणाचं पातेलं उतरवत होत्या.

"मावशी, शेगडी देता का? परीक्षा हाय."

"घे की. माझं झालंय," म्हणत बनुबाई झाकलेलं पातेलं घेऊन स्टाफरूमकडे गेल्या.

स्टाफरूममध्ये आबासाहेबांची अर्धी भाकरी संपली होती, तेवढ्यात कैनात पाणी उडून पांढरी पडलेली मोरचुदाची भुकटी घेऊन दारात उभी राहिली. "सर, पस्तीस आलं! तुमच्या मटनाच्या शेगडीवर तापवलं."

आबासाहेबांनी हातातला घास ताटात टाकला. "अगं, विष आहे ते!" पातेलं कधीच तिथून हललं होतं, हे ना त्यांनी विचारलं, ना कुणी सांगितलं. भीमराज सरांनी त्यांना मोटारसायकलवर घालून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी जीभ पाहिली, पोट दाबलं आणि म्हणाले, "काही झालेलं नाही. भूक लागलीय यांना."

संध्याकाळी गुण भरले गेले. छत्तीसवाल्यांना पैकीच्या पैकी मिळाले. कैनातचे दोन कापले गेले. तिच्या कागदावर आबासाहेबांनी लाल शाईने शेरा मारला: 'उत्तर चुकले. प्रयोग प्रत्यक्ष केल्याचा संशय येतो.'